टाकीपुऱ्याचा चलांक

नकाशा माझ्या भाचीने काढला होता, हे मला पुष्पा भालेरावने भर रस्त्यात, भाजीच्या गाडीपाशी सांगितलं.

"मथुराताई, तुमच्या शलाकेनं आपल्या वस्तीच्या तीन फोडी केल्या. टरबूज कापतानासुद्धा माणूस विचारतो, किती जणांत करू म्हणून."

"काहीतरी बोलू नकोस," मी म्हटलं. "शलाकेचं यंत्र हद्दी नीट करतं. फोडी करणारे केव्हाच गेले."

तिने फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. विधानसभेच्या नव्या मतदारसंघांचा प्रारूप नकाशा सकाळीच जाहीर झाला होता. आमच्या टाकीपुऱ्यावर हिरवा, पिवळा आणि जांभळा असे तीन रंग होते आणि ते तिन्ही जुन्या पाण्याच्या टाकीखाली येऊन एकमेकांना टेकत होते. माझं घर पिवळ्यात. पुष्पाचं हिरव्यात. माझ्या दारासमोर, रस्ता ओलांडला की आमची पिठाची गिरणी, ती जांभळ्यात. गिरणीला लागून रशीद तडवींचं घर, तेही जांभळ्यात. पन्नास वर्षं मी गिरणीच्या ज्या ओट्यावर बसत आले, तो आता दुसऱ्या मतदारसंघात गेला होता.

घरी येऊन मी शलाकेला फोन लावला. "हे तू केलंस?"

"मावशी, यंत्राने केलं."

"यंत्राची आई कोण?"

ती म्हणाली, "रविवारी येते. भरीत कर."

टाकीपुरा म्हणजे काय, हे आज कुणाला सांगायला लागावं याचाच मला राग येतो. कोळशाच्या इंजिनांना पाणी पाजायला रेल्वेने ही टाकी बांधली आणि तिच्या भोवती लोकोशेडची माणसं राहिली. तडवी, पाटील, भालेराव, दोन-चार तेलुगू घरं, एक गोरखपूरचं. कुठल्याच जातीचा इथे जोर नव्हता, त्यामुळे कुठल्याच पुढाऱ्याला ही वस्ती खिशात घालता आली नाही. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. अख्ख्या तालुक्याची सुखदुःखं माझ्या कानावरून जायची आणि मी ती तिथेच ठेवून घरी यायचे. यांची गिरणी होती.

आणीबाणी उठल्यावर जी निवडणूक झाली, त्या वेळी एक उमेदवार गिरणीसमोर भाषण करायला आला. लोकांनी भाषण करू दिलं नाही. म्हणाले, आम्ही विचारतो, तुम्ही सांगा. दुसऱ्याच प्रश्नाला साहेब घड्याळ बघायला लागले. यांनी काय करावं? शांतपणे त्याच्या चपला उचलल्या, गिरणीत ठेवल्या आणि कुलूप लावलं. "प्रश्न संपले की मिळतील," म्हणाले. उन्हाळ्याचे दिवस, डांबर पायाला चिकटत होतं. साहेब बसले.

तेव्हापासून आमच्याकडे झडती सुरू झाली. निवडणूक आली की प्रत्येक उमेदवाराने टाकीपुऱ्यात यायचं, चपला काढून द्यायच्या, खाली गोणपाटावर बसायचं. लोक वर ओट्यावर. भाषण नाही, झेंडा नाही, हार नाही. विचारणाऱ्याने आपलं मत कुणाला ते बोलायचं नाही. सगळ्यांची झडती झाल्यावर ज्याने त्याने आपल्या घरी जायचं आणि आपलं आपण ठरवायचं. गंमत अशी की बरेच जण ठरवून आलेलं बदलून जायचे. माझ्या सासूबाई दर खेपेला म्हणायच्या, "मी त्यालाच देणार होते, पण तो खोटं बोलताना कान खाजवतो."

मग ती पालीची वर्षं आली. हद्दी आखायचं काम ज्यांच्या हाती गेलं त्यांनी आमचा मतदारसंघ असा काही ओढला, की नकाशावर भिंतीला चिकटलेली पाल दिसावी. हक्काची गावं शेपटीत, अडचणीची पायाखाली. निकाल अर्ज भरायच्या आधीच ठरलेला. अशा ठिकाणी उमेदवार चपला काढून बसेल कशाला? आम्ही गोणपाट अंथरून वाट बघायचो आणि संध्याकाळी पुन्हा गुंडाळून ठेवायचो. दोन निवडणुकांनंतर अंथरायचंही सोडून दिलं.

शलाका त्या दिवसांत माझ्याकडे वाढत होती. माझी धाकटी बहीण गेली, तेव्हापासून ती माझीच. ओट्याच्या कडेला पाय सोडून बसायची आणि विचारायची, "मावशी, आज कुणीच का नाही आलं?" तिने पुढे पुण्याला जाऊन गणित केलं, त्यातून यंत्र केलं, आणि मला वाटलं, या प्रश्नाचं उत्तर ती अशी शोधते आहे.

यंत्राचं नाव तुल्यबळ. त्याचं काम तिने मला डाळ निवडता निवडता समजावून सांगितलं होतं. राज्याचे बारीक तुकडे करायचे, एक गल्ली म्हणजे एक तुकडा. एका मतदारसंघाच्या कडेचा तुकडा उचलून शेजारच्यात टाकायचा आणि पाहायचं: दोन्हीकडे माणसं सारखी राहिली का? सगळे तुकडे एकमेकांना चिकटून आहेत का? आकार आटोपशीर आहे का? आणि मुख्य म्हणजे, निकाल आधीच ठरलेला नाही ना? मग दुसरा तुकडा उचलायचा. माणसाला असा एक नकाशा तपासायला आठवडा लागेल. यंत्र दिवसभरात कोट्यवधी नकाशे काढून टाकून देतं आणि सगळ्यांत चुरशीचा तेवढा ठेवतं. "त्याला जात नाही, पक्ष नाही, मेहुणा नाही," शलाका म्हणाली होती. दर निवडणुकीआधी यंत्रानेच नवा नकाशा काढायचा असा कायदा झाला, तेव्हा टाकीपुऱ्यात आम्ही जिलेबी वाटली.

पहिल्या नकाशात पाल मेली. मतदारसंघ चांगला सुटसुटीत झाला आणि उमेदवार धावत आले. किती वर्षांनी गोणपाट झटकलं! शलाका मुद्दाम पुण्याहून आली होती. गिरणीच्या कुलपाची किल्ली मी तिच्या हातात दिली, तेव्हा तिचे डोळे भरून आले. म्हणून मला पुष्पाचं बोलणं खोटं वाटलं. ज्या मुलीने आमची झडती परत आणली, ती तिच्यावरून सुरी कशी फिरवेल?

रविवारी ती आली. भरिताचा एक घास घेतला आणि म्हणाली, "आता बोल."

"मी काय बोलू? तू बोल. टाकीपुरा कापायची गरज काय पडली?"

तिने भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. "मावशी, प्रत्येक गल्लीचा एक चलांक असतो. प्रचाराच्या आधी लोक काय म्हणत होते आणि शेवटी मतं कशी पडली, यांतला फरक. एकेका माणसाचं मत यंत्राला कळत नाही, गल्लीचं कळतं. बहुतेक गल्ल्यांचा चलांक शून्याजवळ असतो. बापाने दिलं तिथे मुलगा देतो. टाकीपुऱ्याचा चलांक राज्यात सगळ्यांत जास्त आहे."

"म्हणजे आम्ही चंचल?"

"म्हणजे तुम्ही ऐकून घेऊन मत बदलता. अशी माणसं ज्या मतदारसंघात असतात तिथे कुणालाच गृहीत धरता येत नाही. मग ती सगळी एकाच मतदारसंघात का? शेजारचे दोन तसेच मुर्दाड पडलेले. यंत्राने तुम्हाला तिन्हींत वाटलं. मीठ सगळ्या भाज्यांत पडायला नको?"

मला इतका संताप आला, की हातातली पळी मी खाली ठेवली. नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही.

"मीठ कुठे तयार होतं गं? मिठागरात. समुद्राचं पाणी अडवून, उन्हात ठेवून. तू मीठ नाही वाटलंस, तू मिठागर खणून टोपल्यांत भरून वाटलंस. आता त्या तीन टोपल्यांत काय पिकणार आहे?"

"माणसं तीच आहेत ना?"

"माणसं तीच. पण पुष्पा हिरव्या उमेदवारांना विचारणार, मी पिवळ्या, रशीदभाऊ जांभळ्या. एका ओट्यावर कोण कुणाची झडती घेणार? ज्याला माझं मत नको, तो माझ्यासमोर कशाला बसेल? तुझा तो चलांक काय माणसाच्या उंचीसारखा आहे, की कुठेही उभं केलं तरी तेवढाच भरेल?"

"यंत्रात आम्ही तो तसाच धरलाय," ती हळूच म्हणाली.

"मग चुकीचा धरलाय. दुरुस्त कर."

"मी एकटी नाही करू शकत. तू हरकत घे. सुनावणी होईल. पण मावशी, सुनावणीत मी तुझ्या समोरच्या बाजूला असेन. माझी नेमणूक तिकडे, हद्दींच्या समितीवर आहे."

"बस की. चपला काढून बस."

ती हसली नाही.

हरकतीवर सह्या घ्यायला मी दारोदार फिरले. या वयात जिने चढताना दम लागतो, पण त्याहून जास्त लागलं ते लोकांचं बोलणं. "मत तर देता येणारच ना ताई," असं रशीदभाऊ पहिल्यांदा म्हणाले. आयुष्यभर इंजिन चालवलेला माणूस, सिग्नल लाल असला की थांबायचं आणि हिरवा झाला की निघायचं. पण मी समजावल्यावर त्यांनी सही केली, आणि वर घरातल्या सगळ्यांच्या करवून घेतल्या. पुष्पा म्हणाली, "भाचीविरुद्ध मावशी. वर्तमानपत्रात येईल तुमचं." तिनेही सही केली.

आमची हरकत दाखल झाली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर शेरा आला: 'भावनिक. आकडेवारी नाही.' हरकतींची वर्गवारीसुद्धा यंत्रच करत होतं. ज्या वस्तीने उमेदवारांना अनवाणी बसवून हिशोब विचारले, तिच्या म्हणण्याला हे यंत्र भावनिक म्हणणार! मी सुनावणीला जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतः जायचं ठरवलं. रशीदभाऊंच्या मुलाची जीप होती. रशीदभाऊ आणि पुष्पाही निघाले.

सुनावणीच्या सभागृहात बऱ्हाटे नावाचे अधिकारी होते. माणूस वाईट नव्हता, पाणी विचारलं. त्यांच्या डाव्या हाताला शलाका बसली होती. तिने मला नमस्कार केला नाही आणि मीही नजर दिली नाही. मला फार जड गेलं ते.

"बाई, तुमचं म्हणणं थोडक्यात सांगा."

"थोडक्यात एकच प्रश्न आहे. तुमच्या यंत्राने ज्या वस्त्या मागच्या खेपेला अशाच वाटल्या, त्यांचं पुढे काय झालं? त्यांचा चलांक आज किती आहे?"

बऱ्हाटेंनी शलाकेकडे पाहिलं. ते म्हणाले, "हा मुद्दा आपल्या निकषांत येत नाही ना?"

"येत नाही," शलाका म्हणाली. तिच्याशेजारी बसलेल्या समितीच्या गृहस्थाने समाधानाने मान हलवली. मग तीच पुढे म्हणाली, "पण उत्तर माझ्याकडे आहे. रविवारनंतर मी ते काढलं. पहिल्या नकाशात अशा बऱ्याच वस्त्या वाटल्या गेल्या. जवळजवळ सगळ्यांचा चलांक पुढच्याच निवडणुकीत कोसळला. जिथे लोक एकत्र बसून बोलायचे, तिथे ते थांबलं. आम्ही चुरस जिथून घेतली, तिथे ती संपली. असंच चाललं तर आणखी दोन-तीन नकाशांनंतर राज्यात वाटायला काहीच उरणार नाही. यंत्राचं गृहीतक चुकलंय, सर. ते मी धरलं होतं."

शेजारचा गृहस्थ तिच्या कानाशी काहीतरी जोरात कुजबुजला. ती समोरच बघत राहिली. मला उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला.

बऱ्हाटेंनी चष्मा पुसला. "हे मी नोंदवून घेतो. पण कायद्यातले निकष मला बदलता येत नाहीत. एक करता येईल. टाकीपुरा अखंड ठेवून बाकी निकष बसतात का, ते पाहू."

त्यांनी समोरच्या माणसाला सांगितलं. भिंतीवरच्या पडद्यावर रंग थरथरले, सरकले, आणि आमची वस्ती सगळी पिवळी झाली. पुष्पाने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला असेल. रशीदभाऊ म्हणाले, "या अल्ला, झालं!"

"झालं तर," बऱ्हाटेही खूश झाले. "हा पर्यायी नकाशा तुम्हाला मान्य आहे अशी हरकतदाराची सही लागेल. इथे करा."

मी पेन घेतलं आणि पडद्याकडे पाहिलं. हिरवा, पिवळा, जांभळा. तिन्ही रंगांचं टोक आता नदीकडे गेलं होतं.

"ते काय आहे, जिथे तिन्ही मिळतात ते?"

शलाकेने खालच्या आवाजात सांगितलं, "रंगारपुरा."

रंगारपुऱ्यात आमच्या वस्तीतल्या दोन मुली दिल्या आहेत. मागच्या निवडणुकीत त्यांनी सासरच्या माणसांना गोळा करून तिथे झडती सुरू केली. आम्हाला बोलावलं होतं. गोणपाट नव्हतं म्हणून त्यांनी उमेदवारांना रंगाच्या रिकाम्या डब्यांवर बसवलं होतं.

"त्यांना विचारलंत?" मी म्हटलं.

"त्यांची हरकत आलेली नाही."

"येईल कशी? तुम्ही त्यांना आत्ता, या खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर कापलंत!"

"बाई, हरकतींची मुदत आज संपते. सही केलीत तर हा नकाशा, नाही केलीत तर पहिला कायम."

"करा ना ताई," पुष्पा माझ्या कानात म्हणाली. "त्यांचं ते बघतील. त्यांना हरकत घ्यायला कोण नाही म्हणतं?"

रशीदभाऊ काकुळतीला आले. "मथुराताई, आपल्या घरादाराचा प्रश्न आहे. तुमचं एकटीचं नाही ते. आम्ही सगळ्यांनी सही दिली तुम्हाला."

खरं होतं ते. पण मला त्या पडद्यावर पाल दिसत होती. पालीचा मतदारसंघ ज्यांनी ओढला, तेही असेच एका खोलीत बसले असतील आणि म्हणाले असतील, आपलं नीट झालं, पलीकडच्यांचं ते बघतील. इतकी वर्षं त्या माणसांना मी शिव्या घातल्या. आणि आता या शहाण्या यंत्राने माझ्याच हातात पेन दिलं होतं. भांडण मिटवायची ही रीत? ज्याचा आवाज आत पोचला त्याची रेघ उचलायची आणि जो झोपलाय त्याच्या दारात टाकायची?

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "आमची रेघ आमच्याकडे राहू द्या. पण मी हे मान्य केलेलं नाही, तेवढं तुमच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा."

परत येऊन टाकीपाशी जीपमधून उतरताना रशीदभाऊ एवढंच म्हणाले, "तुम्ही मोठ्या मनाच्या झालात ताई. आमच्या जिवावर." आणि घरात गेले.

पहिलाच नकाशा कायम झाला. शलाकेला समितीतून मोकळं केलं. तिचा निष्कर्ष अभ्यासासाठी दुसऱ्या एका समितीकडे गेला आहे असं कळवलं. म्हणजे कुठे गेला, ते तिलाही माहीत नाही आणि मलाही. ती माझ्याकडे येऊन राहिली आणि सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायला बसली. आता तिच्या यंत्रात माणसं एकत्र बसून बोलतात, याला काही जागा आहे म्हणे. ते स्वीकारलं जाईल तेव्हा खरं.

इकडे टाकीपुऱ्यात व्हायचं तेच झालं. उमेदवारांच्या फोनवर घरोघरची खूण आली होती, कुठलं दार आपलं आणि कुठलं नाही. हिरव्याचे लोक पुष्पाकडे चहा घेऊन माझ्या दारावरून सरळ पुढे जायचे, जसं काही तिथे घरच नाही. ओट्यावर या म्हटलं तर म्हणायचे, "तिथे आमची माणसं किती, मावशी?" लोकही बदलले. पलीकडच्या उमेदवाराबद्दल कुणी काही सांगायला लागलं की उत्तर यायचं, आपल्याला काय करायचंय. रशीदभाऊ माझ्याशी बोलत नव्हते. रस्ता ओलांडला की गिरणी, आणि मी ती महिनोन् महिने लांबूनच पाहत होते.

त्यात गटार तुंबलं. ते हिरव्यात सुरू होतं, माझ्या दारावरून पिवळ्यातून जातं आणि जांभळ्यात नाल्याला मिळतं. तोंड नाल्यापाशी बुजलेलं, पाणी माझ्या आणि पुष्पाच्या अंगणात. मी आमच्या उमेदवाराला विचारलं. तो म्हणाला, अडलंय ते जांभळ्यात. पुष्पाने हिरव्याला विचारलं. त्यालाही तेच सुचलं.

एका दुपारी जांभळ्याचा उमेदवार देवरे आमच्या गिरणीसमोर सभा घ्यायला आला. तरुण मुलगा, इस्त्रीचा सदरा, खुर्च्या मांडलेल्या, भाषण सुरू. मी शलाकेला म्हटलं, "माझा हात धर." आणि साडी वर धरून त्या घाण पाण्यातून रस्ता ओलांडला.

"थांबा," मी म्हटलं. "मला प्रश्न विचारायचाय."

देवरेने फोनमध्ये पाहिलं. "मावशी, तुम्ही आमच्या मतदारसंघात नाही. तुमच्या उमेदवाराला विचारा ना."

"प्रश्न विचारायला मतदारयादीत नाव लागतं, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

दोन-चार जण हसले. देवरेही हसला आणि म्हणाला, "तसं नाही, पण वेळ थोडा आहे. आधी आपल्या माणसांचं बघू." आणि माईक पुन्हा तोंडाशी नेला.

हसणारे पुन्हा त्याच्याकडे तोंड करून बसले. मला वाटलं, संपलं. यंत्र जिंकलं.

पहिल्या रांगेतली एक खुर्ची खडखडली. रशीदभाऊ उठले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"ए बेटा," ते देवरेला म्हणाले, "मी तुझ्या यादीत आहे ना? बघ फोनमध्ये. रशीद इमाम तडवी."

"हो चाचा, आहात ना."

"मग या ताई विचारतात ते मी विचारतोय असं समज. त्यांच्या दारातलं पाणी माझ्या दारातून जातं. आणि उत्तर मला देऊ नकोस, त्यांना दे."

पलीकडून पुष्पाही पाण्यातून येत होती, परकर भिजवत, शिव्या देत.

देवरेने माईक खाली केला. एकदा फोनकडे पाहिलं, मग तो खिशात टाकला.

"काय होता प्रश्न, मावशी?"

मी गटाराचा प्रश्न पहिल्यापासून विचारला.